सरावाची आई

दर मंगळवारी दुपारी तीन ते पाच मावशींना नवरा असायचा, घर असायचं, आणि भांडायला एक मूलही असायचं. पाच वाजले की हे सगळं जिथल्या तिथे ठेवून त्या बस पकडायच्या, दुकानाचं दार उघडायच्या आणि कुणाच्या तरी पँटची लांबी कमी करत बसायच्या.

दुकान एका खोलीचं. पुढे काचेचं दार, मध्ये शिलाई मशीन, भिंतीवर टेलिफोन, मागे पडदा. पडद्यामागे एक खाट आणि एक शेगडी. तिथे मावशी राहायच्या. नवीन कपडे त्या शिवत नसत. लोकांनी विकत आणलेले, अंगाला न बसलेले कपडे बसवून द्यायच्या. कुणाची कंबर सुटलेली, कुणाचे खांदे उतरलेले. गिऱ्हाईक लाजलं की म्हणायच्या, "तुम्ही ठीक आहात हो, कापडच आखडलंय." टाचण्या ओठांत धरून बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं कुठलंच वाक्य लांब नसायचं. डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक इतक्या वर्षांच्या सुयांनी बोथट झालं होतं. तिथे टाचणी रुतली तरी कापडावर रक्ताचा ठिपका दिसेपर्यंत त्यांना कळायचं नाही.

नऊ वर्षांपूर्वी एक बाई कोटाचं अस्तर बदलून घ्यायला आल्या. माप देता देता त्यांनी आपल्या बहिणीबद्दल, बहिणीच्या नवऱ्याबद्दल आणि एका जुन्या अबोल्याबद्दल सगळं सांगून टाकलं आणि मग स्वतःच दचकल्या.

"हे मी तुम्हाला का सांगितलं?"

"आरशासमोर उभं केलं की लोक सांगतात," मावशी म्हणाल्या. "हात वर करा."

या बाई म्हणजे मॅडम. कुटुंबांना समुपदेशन करणारे थेरपिस्ट जिथे तयार होतात त्या संस्थेत त्या नीतीचा विषय शिकवायच्या. म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं ऐकताना कसं वागायचं, काय पोटात ठेवायचं, कुठे थांबायचं. पुस्तकातून हा विषय शिकवला की मुलं परीक्षेत पहिली येतात आणि जिन्यात उभी राहून पेशंटच्या गोष्टी एकमेकांना सांगतात, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी वर्गात खोटी कुटुंबं बसवायला सुरुवात केली होती. शिकाऊ न्हावी फुग्याला फेस लावून वस्तरा चालवतो, तसं.

"म्हणजे मी फुगा," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही फुगा. एकच अट. फुटायचं नाही."

अशा मावशी सरावाच्या आई झाल्या. सरावाचे बाबा म्हणून एक निवृत्त बस ड्रायव्हर यायचे. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. काका पहिल्या दिवसापासून रंगात. "आपला संसार मंगळवारचा. बाकी सहा दिवस मी परपुरुष," असं ते जिन्यातच जाहीर करायचे. मावशींशी कडाकडा भांडून झालं की हळूच म्हणायचे, "तुमच्यापेक्षा घरची बरी. ती निदान कार्ड न बघता भांडते."

कार्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. त्यावर मॅडमच्या अक्षरात चार ओळी. त्या घरात कोण कुणावर रुसलंय, कशामुळे. सहा महिन्यांच्या सत्रात एकच कुटुंब. मुलगा किंवा मुलगी शिकाऊंपैकी कुणीतरी व्हायचं, आणि दर आठवड्याला वेगळा शिकाऊ समोर बसून प्रश्न विचारायचा. नियम तीनच. कार्डावर आहे ते बोला किंवा मनाने रचा. ओळखीच्या माणसाचं या खोलीत आणू नका. आणि संपल्यावर खुर्ची उलटी करा. या शेवटच्या नियमाबाबत मॅडम कडक होत्या. प्रत्येकाने उठून आपली खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची, तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि आपण कोण आणि आज घरी जाऊन काय करणार ते सांगायचं. नाहीतर माणूस दुसऱ्याचं भांडण अंगावर घेऊन घरी जातो.

मावशी नऊ वर्षं म्हणत आल्या होत्या, "मी आता आई नाही. मी शिलाईवाली. घरी जाऊन चेन बदलणार आहे."

आणखी एक खेळ होता, तो सत्राच्या पहिल्या दिवशी व्हायचा. प्रत्येकाने कागदावर आपलं एक गुपित लिहायचं, पाकीट चिकटवायचं आणि शेजाऱ्याला द्यायचं. शेजाऱ्याने सहा महिने ते सांभाळायचं आणि शेवटच्या दिवशी जसंच्या तसं परत करायचं. त्याला गुण नव्हते. मावशींच्या पहिल्या वर्षी त्यांच्या शेजारी बसलेला शिकाऊ अभ्यासक्रम अर्धवट सोडून गेला आणि त्याचं पाकीट मावशींकडे राहिलं. मशीनच्या खणात, चॉकच्या डबीखाली ते अजून होतं. बंद.

त्याच खणाच्या वर, उंच फळीवर, बटणांची बरणी होती.

मावशींना खरी लेकही होती. लहान असताना मशीनच्या पायाशी बसून ती बटणं रंगांप्रमाणे लावायची. पाच-सहा वर्षांची असताना तिने एक रीत काढली. गुपित सांगायचं असलं की बरणीत एक बटण टाकायचं. मावशींनी झाकण घट्ट लावून म्हणायचं, "बंद." मग ते गुपित कुणालाही कळणार नाही. पाटी फुटली, एक बटण. मैत्रिणीशी कट्टी, एक बटण. मोठी झाल्यावर ते सुटलं. मग विसाव्या वर्षी एका दुपारी ती मशीनजवळ आली, फळीवरची बरणी काढली आणि त्यात एक हिरवं बटण टाकलं. म्हणाली, आठ महिने झाले, मी कॉलेजला जात नाही. बाबांना सांगू नकोस. मी सांगेन.

मावशी म्हणाल्या, "बंद."

आणि संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तिचं भलं व्हावं म्हणूनच. नवरा दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेला आणि व्हरांड्यात उभा राहून, तिच्या वर्गातल्या मुलामुलींसमोर, तिच्या नावाने ओरडत राहिला. ती आठवड्याभरात घर सोडून गेली. पुढे दोन वर्षांनी नवरा वारला, तेव्हाही आली नाही. ती गेली त्याला सहा वर्षं होऊन गेली. खणातलं परक्या पोराचं पाकीट तेव्हाही तिथेच, चिकटवलेलं होतं. हे मावशींच्या लक्षात यायचं. लक्षात आलं की त्या खण बंद करायच्या.

त्या वर्षीच्या सत्राचं कार्ड असं होतं: मोठी मुलगी लहान बाळाला घेऊन माहेरी परत आली आहे, आईशी बोलत नाही, कारण सांगत नाही. मुलगी झालेल्या शिकाऊ पोरीचं नाव काकांनी 'इंडिकेटर' ठेवलं होतं, कारण बोलायच्या आधी तिची मान डावीकडे झुकायची. "वळणार म्हणून आधी सांगते बघा. गुणी पोर आहे," काका म्हणायचे. पोर गुणी होतीच, पण दगडासारखी. कार्डावरचं वाक्य तोंडपाठ म्हणायची आणि गप्प. तिसऱ्या मंगळवारी मॅडम वैतागल्या.

"कार्ड काय वाचून दाखवतेस? ते आम्हालाही वाचता येतं. माणूस आण या खोलीत, माणूस!"

पुढच्या मंगळवारी तिने माणूस आणला.

थेरपिस्टच्या खुर्चीत एक चष्मेवाली शिकाऊ होती. तिने कागदात बघत विचारलं, "घरी आल्यापासून तू आईशी बोलली नाहीस. का?"

इंडिकेटरची मान झुकली. "बोलून काय होतं? लहानपणी मी आईला गुपित सांगायचे तेव्हा बटणांच्या बरणीत एक बटण टाकायचे. आई झाकण लावून म्हणायची, बंद. शेवटचं सांगितलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. तरी बटण टाकलं. आणि त्याच दिवशी तिने बाबांना सांगितलं."

"मला काय सांगितलं?" काकांनी लगेच धागा पकडला.

"कॉलेज सोडल्याचं. आणि तुम्ही तिथे येऊन ओरडलात. सगळ्यांसमोर."

काकांनी मान खाली घातली. ते नट चांगले होते.

मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून अकरा मिनिटं. पोरीच्या बाहीच्या काठाला एक सुटलेला धागा लोंबत होता, तो तोडायला हवा होता. छातीत काही होईल असं वाटून त्यांनी थोडी वाट पाहिली. काही झालं नाही.

"आई, तुम्हाला काय म्हणायचंय?" चष्मेवालीने विचारलं.

"मला वाटलं, भल्यासाठीच सांगतेय," मावशी म्हणाल्या. नऊ वर्षांत त्या खोलीत बोललेलं त्यांचं हे पहिलं खरं वाक्य. कुणाला कळलं नाही.

पाचला खुर्च्या उलट्या झाल्या. मावशींनी पाठीवर हात ठेवला. "मी आता आई नाही. मी शिलाईवाली. घरी जाऊन दोन पँटी उसवणार आहे." मॅडम खूश होत्या. "आज खोलीत माणूस आला," त्या इंडिकेटरला म्हणाल्या, आणि पोरीचे कान लाल झाले.

बसमध्ये मावशींनी हिशोब लावला. हे शिकाऊ दर गुरुवारी निरनिराळ्या गावच्या दवाखान्यांत खऱ्या कुटुंबांबरोबर काम करायला जातात. इंडिकेटर कुठे जाते, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण जिथे जाते तिथे एका खुर्चीत त्यांची लेक बसते. पोरीला ठाऊक नाही की सरावाची आई हीच ती आई. तिला वाटतंय, दूरगावच्या एका बाईची गोष्ट इथे वापरली तर कुणाला कळणार आहे? एवढं सगळं नीट समजून मावशी आपल्या थांब्याच्या दोन थांबे पुढे उतरल्या आणि मागे चालत आल्या.

कुणाला सांगायचं, तर मॅडमना. तीनपैकी एक नियम मोडला होता, आणि नऊ वर्षं ते तीन नियम ऐकून मावशींना शिकाऊंपेक्षा जास्त पाठ होते. पण सांगितलं की पोर त्या खुर्चीतून उठणार. मग माणूसही उठून जाणार.

त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या मंगळवारी त्या अर्धा तास आधीच जाऊन बसल्या.

त्या दिवशी इंडिकेटर म्हणाली, "माझी मुलगी तीन वर्षांची झाली, पण झोपतच नाही. मला लहानपणी मशीनच्या आवाजात झोप लागायची. आमच्या घरात आता कसलाच आवाज नाही. आम्ही दोघी टक्क जाग्या असतो."

"बघा, मावशींचं मशीन घुसलं मध्ये!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. इंडिकेटरही हसली, जरा उशिरा. मावशीही हसल्या. नात, असा शब्द त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिला. पुन्हा म्हणून पाहिला. कापडावर ठिपका दिसेपर्यंत कळत नाही, तसंच असेल, असं त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी एका जाकिटाच्या दोन्ही बाह्या उलट्या बसवल्या आणि पुन्हा उसवल्या.

त्याच्या पुढच्या मंगळवारी पोर त्यांना जिन्यात भेटली. दोघी एकेक पायरी चढत होत्या.

"मावशी, आज एक भारी आणलंय. तुम्हाला आधी सांगू? म्हणजे तुम्ही तयार राहाल."

"सांग."

"मुलगी महिन्यातून दोनदा, दुपारी बाळ लवंडलं की, आईला फोन लावते. आई हॅलो म्हणते. तेवढं ऐकते आणि ठेवते. नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. कसं वाटतंय?"

मावशींनी कठड्याला हात लावला. "मनाने रचलंस?"

"हो. म्हणजे," मान झुकली, "थोडंसं."

पण त्या दिवशी मॅडमना खोकला झाला होता, खेळ झालाच नाही, सगळ्यांनी शांत बसून टिपणं लिहिली. फोनचं ते वाक्य वर्गात आलं नाही. जिन्यातच राहिलं.

फोन मावशींना ठाऊक होता. दोन वर्षं येत होता. अडीच-तीनच्या सुमारास वाजायचा, हॅलो म्हटलं की बंद. त्यांनी टेलिफोनवाल्यांकडे तक्रारसुद्धा केली होती. लाइनमन येऊन खांबावर चढला, उतरला, हात झटकत म्हणाला, "लाइन ठणठणीत आहे, मावशी. पलीकडे कुणीतरी आहे, एवढंच." मावशींनी तेव्हा त्याला चहा दिला होता आणि विषय संपला होता.

जिन्यातल्या त्या भेटीनंतर दोनच दिवसांनी, गुरुवारी, पावणेतीनला तो वाजला. मावशींच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून मशीनवरच्या छोट्या गादीत खोचल्या आणि रिसीव्हर उचलला.

"हॅलो."

जिभेवर नाव आलं होतं. घरातलं, लाडाचं, सहा वर्षांत न उच्चारलेलं. उच्चारलं असतं तर पलीकडच्या बाईला त्या क्षणी कळलं असतं की ती दवाखान्यातल्या ज्या एका खोलीत मोकळी झाली होती, त्या खोलीचंही दार उघडंच होतं. बरणीचं झाकण दुसऱ्यांदा निघालं होतं. पहिल्यांदा काढणाराही हाच हात आणि दुसऱ्यांदा कान लावून बसलेलीही हीच बाई.

नाव गिळलं. पलीकडून खट्ट झालं.

मावशी रिसीव्हर धरून उभ्या राहिल्या. लेक आपण होऊन त्यांना एक गोष्ट देत आली होती, न बोलता, महिन्यातून दोनदा. आणि तिने न दिलेलं बरंच काही त्या दर मंगळवारी जाऊन घेत होत्या. एवढं त्यांना दिसलं. वाईट वाटलं का, ते सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावून त्या संस्थेत गेल्या.

मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या आणि खूप कागद. मावशी बसल्या नाहीत.

"बटणांची बरणी माझी आहे," त्या म्हणाल्या.

"कसली बरणी?"

"इंडिकेटर सांगते ती. ती मुलगीही माझी. ती पोर दवाखान्यातलं आणून बोलतेय. मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मीच म्हणाले होते, माणूस आण."

"तुम्ही म्हणालात, तिने आणला, मी घेतला. तिघींनी मिळून केलं."

"मावशी, बसा."

"नको. उठायला जमणार नाही."

त्याच दुपारी मॅडमनी इंडिकेटरला बोलावलं. पोर इतकी घाबरली की तिला बटणांपलीकडे काही धड आठवेना. वर्गात काय बोललं गेलं ते मॅडमनी स्वतः ऐकलं होतं. पण त्यातलं खरं किती, रचलेलं किती, आणि वर्गाबाहेर काही गेलं का, हे त्यांना हवं होतं. मंगळवारी त्यांनी मावशींसमोर कोरा कागद ठेवला.

"त्या मुलीला हे सांगावं लागेल. तिची गोष्ट बाहेर गेली, काय काय गेलं आणि कुणापर्यंत पोचलं. तिचा हक्क आहे तो. पुढे दवाखान्यात यायचं की नाही, ते ती ठरवेल. अर्धवट सांगून चालणार नाही. तुम्ही ऐकलेलं सगळं लिहा."

"माझं नाव सांगणार?"

"सांगावं लागेल."

मावशींनी लिहायला घेतलं. त्यांचं अक्षर मोठं, चॉकने कापडावर लिहिल्यासारखं. बटणं. कॉलेज. व्हरांड्यात बाबा. तीन वर्षांची मुलगी, तिला झोप नाही. मशीनचा आवाज.

मग पेन थांबलं.

फोन. तो जिन्यातच राहिला होता, पोरीने मॅडमना सांगितला नव्हता, तिला आठवतही नसावा. कागदावर नाही लिहिला तर जगात तो कुणालाच ठाऊक नव्हता. महिन्यातून दोनदा, अडीच-तीनला, आधीसारखा वाजत राहिला असता. आणि लिहिला, तर एक अनोळखी बाई लेकीला समोर बसवून सांगणार की तुझा फोनही तुझ्या आईला कळलाय. मग कशाला करेल ती?

बाहेर जिन्यातून मुलांची पावलं चढत होती. काकांचा आवाज आला, "आज बायको दिसत नाही माझी! माहेरी गेली का?"

मावशींनी घड्याळ बघायला भिंतीकडे मान वळवली, आणि या खोलीत घड्याळ नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बोथट बोटाने कागद घट्ट धरला आणि शेवटची ओळ लिहिली. *महिन्यातून दोनदा दुकानात फोन करते. बोलत नाही.* खाली सही केली. मग कागद घडी करून मॅडमकडे दिला, तशाच त्या वर्गात गेल्या आणि आईच्या खुर्चीत बसल्या.

आता मुलगी चष्मेवाली होती. ती कार्ड वाचून दाखवायची आणि मॅडम तिला काही म्हणत नसत. इंडिकेटरला एक सत्र मागे ठेवलं. दवाखान्यातलं तिचं काम काढून घेतलं. काकांना आतली गोष्ट कुणी सांगितली नव्हती, पण माणूस तीस वर्षं आरशात मागे बघत गाडी चालवलेला. एकदा खुर्च्या उलट्या करताना ते हळूच म्हणाले, "हल्ली तुम्ही भांडत नाही."

"दमले."

"मग मी दोघांचं भांडतो. तुम्ही नुसतं हं म्हणा."

"हं," मावशी म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी मॅडम जिन्यात थांबल्या. "सांगितलं तिला. सगळं."

"काय म्हणाली?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "ते मी नाही सांगू शकत, मावशी."

"हो. चुकलं माझं," मावशी म्हणाल्या आणि पायऱ्या उतरू लागल्या.

एका शनिवारी इंडिकेटर दुकानात आली. हातात एक स्कर्ट, खालची शिवण उसवलेली. बघितल्याबरोबर कळत होतं की मुद्दाम उसवली आहे. मावशींनी तिला स्टुलावर उभं केलं आणि खाली बसून काठ टाचायला घेतला. थोड्या वेळाने वरून हुंदके यायला लागले.

"हलू नकोस. टोचेल."

"मावशी, मला खरंच ठाऊक नव्हतं..."

"तेच तर. ठाऊक नसतानाच गप्प बसायचं असतं."

पोरीने नाक पुसलं. मग मान झुकली. मावशींना खालून दिसली.

"एकच सांगू? फक्त एक. ती तुमच्याबद्दल..."

"नाही."

"चांगलं आहे, मावशी."

"चांगलं असलं तरी." त्यांनी ओठांतली शेवटची टाचणी काढली आणि काठात खुपसली. "ती बटण टाकून बोललीय तुझ्याजवळ. बंद."

पोर स्टुलावरून उतरली. जाताना तिने फळीवरच्या बरणीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. ती गेल्यावर मावशींना बराच वेळ तो स्कर्ट कुठे ठेवला ते सापडेना. तो त्यांच्याच मांडीवर होता.

फोन वाजला नाही. म्हणजे वाजायचा, पण गिऱ्हाइकांचा. झालं का, कधी होईल, उद्या येऊ का. दुपारी अडीच वाजले की मावशी मशीन थांबवायच्या, तीन वाजले की पुन्हा चालू करायच्या. मधल्या अर्ध्या तासात हाताने करायची कामं काढून ठेवायच्या, बटणं, हूक, काज. एक महिना गेला. आणखी दोन आठवडे गेले. लाइनमनला बोलवावं असं एकदा त्यांच्या मनात आलं, आणि तो काय म्हणेल तेही आठवलं.

सातव्या आठवड्यात, बुधवारी, तीनला पाच मिनिटं कमी असताना वाजला.

"हॅलो."

काही नाही. नेहमी इथेच खट्ट व्हायचं. मावशी थांबल्या. झालं नाही.

काचेच्या दारापलीकडून एक बाई छत्री झटकत गेली. एक गाडी गेली. पलीकडची शांतता तशीच कानाशी होती. तिथे आता एक माणूस होतं, ज्याला ठाऊक होतं की मावशींना ठाऊक आहे. नाव घ्यावं का? माफी मागावी? सहा वर्षं तयार असलेली वाक्यं त्यांनी शोधली. एकही जागेवर नव्हतं.

"दुकान सातपर्यंत उघडं असतं," त्या म्हणाल्या. गिऱ्हाइकाला सांगतात तशा. "सोमवारी बंद."

काही नाही. पण लाइन चालू होती.

मग मावशींनी रिसीव्हर मशीनच्या फळीवर, सुईपासून वीतभर अंतरावर, उताणा ठेवला. सुईखाली कुणाच्या तरी पँटचा अर्धा दुमडलेला पाय होता. त्यांनी पायडलवर पाय ठेवला. मशीन सुरू झालं. घाई न करता, एका लयीत, त्यांनी तो पाय शिवला, दोरा तोडला, दुसरा पाय घेतला. तोही शिवला. मग एका शर्टाचा काठ होता, तो आजचा नव्हता, शुक्रवारी द्यायचा होता. तोही शिवला. बोटाला काहीतरी लागलं, पण त्यांनी बघितलं नाही.

मशीन थांबल्यावर त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. नुसता लांब सूर येत होता. पलीकडे केव्हा ठेवला गेला, हॅलोनंतर लगेच की शर्टाच्या काठापर्यंत गेल्यावर, कळायला काही मार्ग नव्हता.

मावशींनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग पुन्हा उचलून, नीट बसवून ठेवला.